खिडकीतली गोकर्ण

यवतमाळात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरला की अंगणातली गोकर्ण मलूल होते. पानं पिवळी पडतात, फुलं रोडावतात. कुंडी घरात घ्या, पण दक्षिणेच्या खिडकीशीच. यवतमाळ २०.४ उत्तर अक्षांशाजवळ आहे. २२ डिसेंबरच्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६ अंश वर असतो, म्हणून तिरपं ऊन खोलीत आतवर येतं. वेलीला हेच ऊन हवं! पाणी मात्र हात राखून घाला. गारठ्यात मुळं कमी पाणी ओढतात आणि ओल साचली की कुजतात. बोटाचं पेर मातीत खुपसून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी. युरिया तर नकोच. गोकर्ण शेंगवर्गातली, तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन तिला पुरवतात. वरून आणखी दिला, तर नुसता पाला माजतो.