निरंक

डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मग, कशाचा शोध लावलात?’ विश्वकिरणांच्या प्रायोगिक अभ्यासात ऐन उमेदीची पाच-सहा वर्षे घालवलेला तरुण या प्रश्नापुढे अडखळतो. कारण खरे उत्तर पुष्कळदा असे असते, की ‘काही सापडते का ते पाहिले, सापडले नाही.’ ऐकणारा सहानुभूतीने विषय बदलतो. वास्तविक त्याने त्या तरुणाचे अभिनंदन करायला हवे.

सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत एक सुंदर शब्द आहे : निरंक. ठरावीक मुदतीत अमुक प्रकारचा एकही व्यवहार झाला नाही, तरी तसे विवरणपत्र वर पाठवावेच लागते आणि त्यात लिहायचे ‘निरंक’. बँकेत आयुष्य काढल्यामुळे मला ठाऊक आहे, की निरंक दोन प्रकारचे असते. एक, सगळी पाने तपासून लिहिलेले. दुसरे, खातेवही न उघडताच लिहिलेले. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. फरक ओळखतो तो मुरलेला हिशेबतपासनीस. विश्वकिरणांतली पीएच.डी. म्हणजे पहिल्या प्रकारचे निरंक लिहिण्याचा अधिकार मिळवणे.

हे किरण म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर आदळणारे अतिवेगवान कण. ऑगस्ट १९१२ मध्ये व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ बलूनमधून पाच किलोमीटरहून उंच गेला. वर जावे तसा किरणोत्सर्ग वाढत जातो असे त्याला आढळले, आणि ही वर्दळ जमिनीतून नव्हे, आकाशातून येते हे कळले. हे कण हवेतल्या अणूंवर आपटले की त्यातून म्यूऑन आणि न्यूट्रिनो जन्मतात. आपण हा लेख वाचत असताना आपल्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जात आहे.

आकाशातून येणाऱ्या या पाहुण्यांना मोजायला आपले शास्त्रज्ञ जमिनीच्या पोटात उतरले. १९५१ मध्ये होमी भाभांच्या सांगण्यावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले तरुण संशोधक बी. व्ही. श्रीकांतन आपली यंत्रे घेऊन कोलारच्या सोन्याच्या खाणीत गेले. जितके खोल जावे तितका वरचा खडक अधिक म्यूऑन अडवतो. किती खोलीवर किती उरतात, हे मोजायचे होते. हेच श्रीकांतन पुढे संस्थेचे संचालक झाले.

साठच्या दशकाच्या आरंभी मियाके, नरसिंहम् आणि रमणमूर्ती यांनी तीच मोजणी आणखी खाली नेली. सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवर यंत्र दोन महिने चालू ठेवले. नोंद झाली शून्य. एकही म्यूऑन नाही!

इथे खरे काम सुरू होते. यंत्र बंद तर पडले नव्हते? विजेचा दाब स्थिर होता? खाणीतल्या उष्णतेने आणि दमटपणाने मोजणी यंत्रे आंधळी तर झाली नव्हती? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वहीत तारीखवार असावे लागते. मगच शून्याला किंमत येते, आणि ती चक्क आकड्यांत सांगता येते. त्या मुदतीत सरासरी २.३ कण येणे अपेक्षित असते, तर एकही न दिसण्याची शक्यता दहात एक. म्हणून संशोधक लिहितो : खरा आकडा २.३ हून मोठा नसावा, असे नव्वद टक्के खात्रीने म्हणता येते. ‘काही नाही’ या दोन शब्दांना अशी मर्यादा घालता येणे, हीच या शास्त्रातली विद्वत्ता.

आणि त्या शून्याने केवढे दार उघडले! म्यूऑनांची गर्दी जिथे संपते, तिथे न्यूट्रिनोची चाहूल लागू शकते. न्यूट्रिनो पृथ्वीतूनही आरपार जातो. क्वचित एखादा खडकात अडखळून म्यूऑन निर्माण करतो. वरून येणारे मोजके म्यूऑन सरळ खाली येतात, म्हणून आडवा जाणारा कण दिसला तर तो न्यूट्रिनोचाच वारस मानायचा. टाटा संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरॅम विद्यापीठ यांनी २.३ किलोमीटर खोलीवर भिंतींसारखी उभी यंत्रे लावली. १९६५ मध्ये हवेत जन्मलेल्या न्यूट्रिनोंची खूण त्यांना मिळाली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही असाच प्रयोग यशस्वी झाला.

उलटा अनुभवही याच खाणीने दिला. १९८० मध्ये तिथे १४० टनांचे यंत्र उभे राहिले, प्रोटॉन कधी नष्ट होतो का हे पाहण्यासाठी. काही नोंदी तशा वाटल्या, जाहीरही झाल्या. पण अमेरिका आणि जपानमधल्या अधिक मोठ्या यंत्रांना दुजोरा देता आला नाही, आणि आजवर तो कुठेच मिळालेला नाही. मात्र त्यातल्या जपानी यंत्राने, कामिओकांदेने, १९८७ मध्ये एका स्फोट पावलेल्या ताऱ्याचे डझनभर न्यूट्रिनो टिपले. मासातोशी कोशिबांना २००२ चे नोबेल मिळाले. एका खात्यावर निरंक लिहिता लिहिता दुसऱ्या खात्यात अशी ठेव जमा झाली. यंत्राची खडान्‌खडा माहिती असल्याशिवाय ती ओळखू आली नसती.

कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो प्रयोगशाळा उभारण्याला २०१५ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. पण पश्चिम घाटातले ते डोंगर आणि वाघांची वाट यांचा दाखला देऊन तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात विरोध नोंदवला. ही हरकत क्षुल्लक नाही. पण त्या प्रयोगशाळेच्या भरवशावर तयार झालेल्या मुलामुलींना मदुराईतल्या ८५ टनांच्या छोट्या यंत्रावर हात साफ करावा लागला, हेही खरे. मोठे यंत्र ज्या प्रश्नांसाठी होते, त्यांवर ‘निरंक’ लिहिण्याचीसुद्धा संधी त्यांना मिळालेली नाही.

पाहून काही न सापडणे ही विज्ञानाची कमाई आहे. पाहिलेच नाही, तर ते हिशेबाबाहेरच राहते. तेव्हा असा एखादा तरुण भेटला, तर त्याला शोधाविषयी विचारू नये. त्याला विचारावे, ‘किती खोल पाहिलेत, आणि किती दिवस?’ मग बघा, तो किती वेळ बोलत राहतो.