संडरलंडकरांचा धीर

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेचा फुटबॉल-संघ लागोपाठ दोन सामने हरला, तेव्हां वरच्या वर्गांतील चार-पांच विद्यार्थी आमच्याकडे येऊन म्हणाले, "सर, कप्तान बदला." "नवा कप्तान कोणती गोष्ट निराळी करील?" असें आम्हीं विचारलें. त्याचें उत्तर मात्र एकापाशींहि नव्हतें. हेच विद्यार्थी रात्रीं जागून इंग्लंडांतील सामने दूरचित्रवाणीवर पाहतात, आणि तेथील क्लबांचे मालक, मॅनेजर व गडी यांचीं नांवें त्यांस पाढ्यांप्रमाणें पाठ असतात. म्हणून त्यांच्याच आवडीच्या विषयांतील एक उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार करावा असें आम्हांस वाटलें. उदाहरण आहे संडरलंड येथील क्लबाचें. आणि प्रश्न असा कीं, मोडकळीस आलेला क्लब नवा मालक हातीं घेतो, तेव्हां त्याच्या चाहत्यांनीं किती काळ धीर धरावा, व तो कशाच्या आधारावर धरावा?

संडरलंड हें इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, वेअर नदीच्या मुखाशीं वसलेलें शहर आहे. जहाजें बांधणें व कोळसा काढणें हे तेथील दोन मोठे उद्योग होते. १९८८ सालीं तेथील शेवटचे जहाजांचे कारखाने बंद पडले, आणि १९९३ सालीं मंकवेअरमथ येथील खाणहि बंद झाली. त्या खाणीच्याच जागीं १९९७ सालीं क्लबाचें हल्लींचें क्रीडांगण उभें राहिलें. खाणीच्या आठवणीसाठीं त्याच्या बाहेर खाणकऱ्यांच्या दिव्याची एक मोठी प्रतिकृति उभारलेली आहे. ज्या शहराचे धंदे गेले, त्या शहरांत आजा, बाप व नातू यांस एकत्र बसवणारी जी थोडीं स्थळें उरलीं, त्यांपैकीं हें एक होय. म्हणून तेथें क्लबाचा ऱ्हास हा केवळ खेळाचा प्रश्न राहत नाहीं.

या क्लबाचा जन्म आमच्या विद्यार्थ्यांस विशेष आवडेल. १८७९ सालीं जेम्स ॲलन नांवाच्या एका स्कॉटिश शाळामास्तरानें तो स्थापिला, आणि प्रारंभीं तो केवळ शिक्षकांचाच होता! पुढल्याच वर्षीं पैशाची चणचण भासूं लागली, तेव्हां इतरांसहि दार उघडावें लागलें. या मास्तरांच्या क्लबानें लीगचें अजिंक्यपद सहा वेळां जिंकलें. त्यांतील शेवटचें १९३६ सालचें. एफ. ए. कप त्यानें १९३७ व १९७३ सालीं मिळविला.

आतां इंग्लंडांतील लीगची व्यवस्था थोडक्यांत सांगितली पाहिजे. सर्वांत वर प्रीमियर लीग, तींत २० क्लब. तिच्याखालीं चॅम्पियनशिप व मग लीग वन, त्यांत प्रत्येकीं २४. दर वर्षीं तळाचे क्लब खालच्या श्रेणींत उतरतात व खालून कांहीं क्लब वर चढतात. आम्ही ज्या वर्षांविषयीं सांगत आहों, त्या वर्षांत खालच्या दोन्ही श्रेणींतील पहिले दोन क्लब सरळ वर जात; तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चार क्लब आपसांत खेळत, आणि त्यांतील एकच, वेंब्ले येथील अंतिम सामना जिंकून, वर चढे. वरच्या श्रेणींत दूरचित्रवाणीचें उत्पन्न अफाट असतें. क्लब खालीं उतरला कीं तें उत्पन्न घटतें. परंतु खेळाडूंशीं केलेले अनेक वर्षांचे करार तसेच राहतात. मिळकत झोपडीची व खर्च वाड्याचा, अशी मग त्याची स्थिति होते.

संडरलंडचें असेंच झालें. २०१७ सालीं तो क्लब प्रीमियर लीगच्या तळाशीं राहून खालीं उतरला आणि २०१८ सालीं चॅम्पियनशिपच्याहि तळाशीं राहून आणखी खालीं गेला. लागोपाठ दोन वर्षें दोन पायऱ्या! तेव्हांच्या मालकानें कर्ज फेडून क्लब विकला, व २०१८ सालीं नवी मंडळी आली. त्यांचें स्वागत चाहत्यांनीं मोठ्या आशेनें केलें. क्रीडांगणांतील खुर्च्यांचा तांबडा रंग उन्हानें विटून गुलाबी झाला होता. त्या खुर्च्या बदलण्याच्या कामीं चाहते स्वतः येऊन राबले. त्याच वर्षीं डिसेंबरच्या २६ तारखेस ब्रॅडफर्डविरुद्धच्या सामन्यास ४६,०३९ लोक जमले. तिसऱ्या श्रेणीच्या सामन्यास एवढी गर्दी! हा त्यांच्या निष्ठेचा पुरावाच म्हटला पाहिजे.

परंतु निष्ठेला फळ आलें नाहीं. २०१९ च्या मार्चांत वेंब्ले येथें एका करंडकाचा अंतिम सामना पेनल्टींवर गेला. मे महिन्यांत त्याच ठिकाणीं, वर चढण्याच्या सामन्यांत, चार्लटननें अगदीं अखेरच्या क्षणीं गोल करून संडरलंडला हरविलें. त्यापेक्षांहि अधिक खटकलें तें पैशाचें प्रकरण. क्लब विकत घेण्याच्या रकमेपैकीं कांहीं भाग क्लबालाच मिळावयाच्या पैशांतून दिला गेला, असें बाहेर आलें. २०१९ च्या डिसेंबरांत चाहत्यांच्या संघटनांनीं एकत्र येऊन मालकास क्लब विकण्याची विनंति केली. ध्यानांत घ्या, हे तेच लोक होते, ज्यांनीं दीड वर्षापूर्वीं आपल्या हातांनीं खुर्च्या बसविल्या होत्या.

पुढें २०२१ च्या फेब्रुवारींत किरील लुई-ड्रेफस या तरुणाकडे क्लबाचीं सूत्रें आलीं. त्याचें वय अवघें २३ वर्षांचें. त्याचे वडील एके काळीं फ्रान्समधील मार्सेय क्लबाचे मालक होते. या नव्या धन्याचा बेत दिसावयास साधा होता: नामांकित व महाग गडी घ्यावयाचे नाहींत, कोवळ्या वयाचे, होतकरू गडी थोडक्या किंमतींत घ्यावयाचे, त्यांस खेळवून तयार करावयाचें, आणि कोणी मोठा झाला व त्याला मोठी किंमत आली, तर ती घेऊन त्या पैशांतून आणखी चौघे उभे करावयाचे. आपल्याच शाळेंत वाढलेल्या स्थानिक मुलांस संघांत जागा द्यावयाची, हाहि त्या बेताचा भाग होता.

असा बेत सिद्धीस जावयास वेळ कां लागतो, हें पालकांस सांगावयास नको. ज्यानें दारांत आंब्याचें रोप लावलें, तो दुसऱ्या वर्षीं टोपली घेऊन झाडाखालीं बसत नाहीं. खेळाडूंचे करार एका दिवसांत संपत नाहींत. लीगचे खर्चावर निर्बंध असतात. आणि सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आज उत्तम खेळला तर उद्यां चुकतो. चुकूं दिल्यावांचून तो शिकत नाहीं, आणि तो चुकतो तेव्हां चाळीस हजार लोक पाहत असतात. खरी अडचण तीच आहे. धन्यानें बेत आंखला तरी त्याची किंमत दर शनिवारीं तिकीट काढून येणारा चाहता भरतो.

आणि ती किंमत थोडी नव्हती. २०२१ च्या मार्चांत संडरलंडनें ४८ वर्षांनंतर वेंब्ले येथें सामना जिंकून एक करंडक मिळविला. पण महामारीमुळें तेथें प्रेक्षकच नव्हते. २०२२ च्या जानेवारींत बोल्टननें त्यांचा सहा गोलांनीं फडशा पाडला व मॅनेजरास जावें लागलें. लगेच फेब्रुवारींत असें उघडकीस आलें कीं, ज्यास लोक बहुतेक क्लबाचा धनी समजत होते, त्याच्याकडे प्रत्यक्षांत शेंकडा ४१ भागच होते, आणि जुन्या मंडळीचा हिस्सा अजून कायम होता. चाहते चिडले व त्यांनीं उघडपणें खुलासा मागितला. त्याच वर्षीं नव्या मालकानें निम्म्याहून अधिक भाग आपल्याकडे घेतले, आणि पुढें जुन्या मंडळीपैकीं बहुतेकांचा संबंध संपला. त्याच मे महिन्यांत वेंब्ले येथें विकम्बचा २-० असा पराभव करून क्लब चार वर्षांनीं तिसऱ्या श्रेणींतून बाहेर पडला.

पण चढ एकसारखा राहिला नाहीं. २०२३ सालीं क्लब वर जाण्याच्या उंबरठ्यावरून परतला. त्या डिसेंबरांत लोकांच्या आवडीचा मॅनेजर काढला गेला, आणि त्याच्या जागीं आलेला दोन महिनेच टिकला. वर्षाअखेर १६ वा क्रमांक आला. त्यांतच २०२४ च्या जानेवारींत शेजारच्या न्यूकॅसलशीं एफ. ए. कपचा सामना होता, आणि आपल्याच क्रीडांगणांतील एक उपाहारगृह क्लबानें प्रतिस्पर्ध्याच्या घोषवाक्यांनीं सजविलेलें लोकांच्या दृष्टीस पडलें! न्यूकॅसल म्हणजे संडरलंडचा पिढ्यान् पिढ्यांचा प्रतिस्पर्धी. पराभव त्यांनीं सोसला असता. हा अपमान त्यांस सोसवला नाहीं. ओरड झाली, आणि मालकानें स्वतः क्षमा मागितली.

२०२४ च्या उन्हाळ्यांत रेजिस ल ब्री हा फ्रेंच मॅनेजर आला. त्याचा आधींचा क्लब नुकताच आपल्या देशांतील वरच्या श्रेणींतून खालीं उतरला होता; त्यामुळें पुष्कळांनीं भुवया वर केल्या. तरी त्या वर्षीं क्लब चौथा आला. शेवटचे पांच सामने मात्र तो ओळीनें हरला, व शंका पुनः डोकें वर काढूं लागल्या. मग कॉव्हेंट्रीविरुद्ध १२२ व्या मिनिटास डॅन बॅलर्डनें डोक्यानें गोल केला, आणि २४ मे २०२५ रोजीं वेंब्ले येथें शेफील्ड युनायटेडविरुद्ध, एक गोल मागें असतां, संडरलंडनें २-१ असा विजय मिळविला. शेवटचा गोल ९५ व्या मिनिटास टॉमी वॉटसन या, क्लबाच्याच शाळेंत वाढलेल्या, १९ वर्षांच्या मुलानें केला. तो क्लब सोडून ब्रायटनला जाणार हें आधींच ठरलें होतें. २०१८ सालीं आलेला ल्यूक ओ'नायन, ज्यानें तिसऱ्या श्रेणींतील सर्व वर्षें पाहिलीं, तोहि त्या सामन्यांत उतरला होता. आरंभींच दुखापत होऊन त्याला बाहेर जावें लागलें. आठ वर्षांनीं क्लब प्रीमियर लीगमध्यें परतला, आणि त्या ऑगस्टांतील पहिल्याच सामन्यांत त्यानें वेस्ट हॅमला ३-० असें हरविलें. १७ व्या वर्षीं घेतलेला जोब बेलिंगहॅम त्याच उन्हाळ्यांत मोठ्या किंमतीस जर्मनींतील डॉर्टमुंडला गेला. मूळ बेत असा कागदावरून प्रत्यक्षांत उतरला.

आतां आमच्या प्रश्नाकडे वळूं. २०१८ चे मालक व २०२१ चा मालक, दोघांसहि त्याच चाहत्यांनीं तोच धीर दिला. मग एकदां तो सुटला व एकदां टिकला, असें कां झालें? आमच्या मतें याचें कारण असें कीं, धीर ही चाहत्यांनीं मालकास दिलेली उसनवारी आहे. उसनें देणारा घाई करीत नाहीं, पण हिशेब मागतो. पहिल्या वेळीं हिशेब पाहिला तेव्हां तो जुळेना. दुसऱ्या वेळीं पराभव होत होते, मॅनेजर जात-येत होते, मोठ्या चुकाहि घडल्या. तथापि दर वर्षीं दिसण्यासारखें कांहीं तरी वाढत होतें. कालचा नवखा मुलगा आज संघाचा आधार झालेला दिसे. आणि चूक झाली तेव्हां चाहत्यांनीं विचारलें व मालकानें उत्तर दिलें. भागांचें प्रकरण लोकांनीं गिळून टाकलें असतें, तर तो धीर ठरला नसता. ती उदासीनता ठरली असती. उलट सहा गोल बसले त्या दिवशीं त्यांनीं क्रीडांगणाकडे कायमची पाठ फिरविली असती, तर वेंब्लेचा दिवस पाहावयास ते नसते.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. बॅलर्डचा तो चेंडू आडव्या दांड्यावर आपटून परत आला असता, तर क्लब कदाचित् अजून वाट पाहत राहिला असता, आणि आम्हांस या लेखासाठीं दुसरें उदाहरण शोधावें लागलें असतें. पण त्या एका चेंडूमुळें चार वर्षांचें काम चांगलें किंवा वाईट ठरलें नसतें. निकाल हा बहुधा कामाच्या मागोमाग येतो. कधीं कधीं तो उशिरां येतो, आणि कधीं येतहि नाहीं. म्हणून ज्यास धीर धरावयाचा आहे, त्यानें फलकावरील गोलांबरोबरच मैदानावर रोज काय चाललें आहे तेंहि पाहण्याची संवय लावून घ्यावी.

आमच्या त्या विद्यार्थ्यांस आम्हीं हीच हकीकत सांगितली, आणि कप्तान न बदलतां त्यांच्यावर एक काम सोंपविलें: दर शनिवारीं सरावास येऊन उभें राहावयाचें व मागल्या आठवड्यापेक्षां काय सुधारलें तें वहींत लिहावयाचें; कांहींच सुधारलें नसेल, तर तसें कप्तानास तोंडावर विचारावयाचें. पालकहो, सहामाहीचें प्रगतिपुस्तक हातीं येतें, तेव्हां तुम्हीहि एक दिवस हाच प्रयोग करून पाहा. गुणांचा आंकडा पाहिल्यावर मुलास जवळ बसवून, मागल्या परीक्षेंत न येणारें कोणतें उदाहरण त्याला आतां सोडवितां येतें, एवढेंच विचारा. उत्तर मिळालें तर आणखी एक सहामाही वाट पाहावयास हरकत नाहीं.