रिचार्ज बंद, धडे चालू : सेमाडोहची फुकट छत्री



मागच्या अंकातील खर्चाच्या तक्त्यात एक ओळ कमी झाल्याचे काही वाचकांच्या लक्षात आले. सेमाडोहच्या वसतिगृहासाठी दर महिन्याला दाखवला जाणारा 'टीव्ही रिचार्ज' आता हिशेबात नाही. टीव्ही विकला का, बिघडला का, मुलांची करमणूक का काढून घेतली, अशी विचारणा झाली. टीव्ही जागेवर आहे आणि पूर्वीपेक्षा जास्त कामाला येतो. हे कसे, ते सविस्तर सांगतो. कदाचित आपल्यापैकी काहींना ते घरीही करून पाहावेसे वाटेल.

पैसे कशाचे जात होते

आपल्यापैकी अनेकांच्या घरी केबल आहे. आमच्याकडे पैशाची छत्री होती. दोन्हींचा हिशेब सारखाच. २०१९ साली 'ट्राय'ने जे नियम लागू केले, त्यांत पहिल्या शंभर वाहिन्यांच्या नुसत्या जोडणीचे महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये धरले होते. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला की १५३ रुपयांच्या वर, म्हणजे वर्षाला सुमारे १,८४० रुपये. पैशाच्या वाहिन्या घ्याल तर त्यांचे वेगळे. रक्कम फार मोठी नाही, हे खरे. पण ती दर वर्षी जाते आणि थांबली की पडदा काळा होतो. घाटात मोबाइलला रेंज नसली की रिचार्जसाठी परतवाड्याला जाणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागे.

जुना अँटेना का चालत नाही

छपरावरचा ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना आपल्याला आठवत असेल. कावळा बसला की चित्र हलायचे आणि कुणीतरी वर चढून तो फिरवायचा. तो अँटेना जमिनीवरच्या मनोऱ्यातून येणाऱ्या लहरी पकडत असे. दूरदर्शनने हे जुने मनोरे टप्प्याटप्प्याने बंद केले. २०२२ पर्यंत जवळजवळ सगळेच थांबले. म्हणून माळ्यावरचे जुने अँटेने आम्हाला पाठवू नयेत, ही प्रेमाची विनंती.

त्यांची जागा आता 'डीडी फ्री डिश'ने घेतली आहे. प्रसार भारतीची ही सेवा २००४ साली 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. हिला महिन्याची वर्गणी नाही. सुमारे साठ सेंटीमीटरची छत्री, तिच्यासमोरची एलएनबी, काही मीटर वायर आणि सेट-टॉप बॉक्स एवढे एकदा घेतले की झाले. हे सामान साधारण दीड-दोन हजारांत बसते. म्हणजे वरच्या हिशेबात एका वर्षाची जी वर्गणी निघाली, जवळपास तेवढेच.

छत्री कुठे बघते

फ्री डिशच्या वाहिन्या 'जीसॅट-१५' या भारतीय उपग्रहावरून येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. सेमाडोहहून पाहिले तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर येतो. इतक्या वर असल्याने आमच्या डोंगरांची आड येत नाही. आड येतात ती झाडे.

इथे मेळघाटातली एक खुबी लक्षात ठेवावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये साग उघडा असतो. तेव्हा त्याच्या मागे छत्री लावली तरी चित्र स्वच्छ दिसते. पावसाळा लागला की त्याच सागाला ताटाएवढी पाने फुटतात आणि चित्र जाते. व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात झाड तोडण्याचा विचारही करायचा नाही. म्हणून छत्री उघड्या अंगणाच्या कडेला, सिमेंटमध्ये रोवलेल्या लोखंडी खांबावर लावली आहे. खांबाला काटेरी तारही गुंडाळली, कारण वानरांना झोका घ्यायला छत्री फार आवडते आणि ती दोन-तीन अंश हलली तरी चित्र गेलेच समजा.

जोराच्या पावसात मात्र चित्र थांबते. या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या असतात. पावसाचे टपोरे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. याला इलाज नाही. सर ओसरली की चित्र परत येते.

कार्यक्रम साठवून ठेवणे

आता मुख्य गोष्ट. छत्रीची वायर बॉक्सला न जोडता संगणकालाही जोडता येते. त्यासाठी उपग्रहाचा ट्यूनर लागतो. टेबलावरच्या संगणकात तो कार्डाच्या रूपात आत बसतो, लॅपटॉपला यूएसबीने बाहेरून जोडतात. खरेदी करताना तो 'डीव्हीबी-एस२' प्रकारचा आहे आणि आपल्या संगणकावर चालतो, एवढे विचारून घ्यावे. आम्ही दान आलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आणि 'टीव्हीहेडएंड' हा मोफत प्रोग्रॅम घातला. वाहिनी, वार आणि वेळ एकदा लावून ठेवली की तो आपोआप रेकॉर्ड करतो. कार्यक्रम थोडे मागेपुढे होतात, म्हणून पाच मिनिटे आधी सुरू आणि दहा मिनिटे नंतर बंद, अशी वेळ लावतो.

साध्या प्रतीच्या वाहिनीचा एक तास साधारण एक जीबी जागा घेतो. एक टीबीच्या डिस्कमध्ये म्हणून आठ-नऊशे तास मावतात. एकाच फ्रिक्वेन्सीवर येणाऱ्या दोन-तीन वाहिन्या एका ट्यूनरने एकाच वेळी साठवता येतात, हाही मोठा फायदा.

वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण आमचा ट्यूनर थांबतो. छत्रीवरच्या एलएनबीलाही वीज त्याच वायरीतून, ट्यूनरकडून मिळते. म्हणून दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले आहेत. ज्यांना एवढी खटपट नको, त्यांनी यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असलेला बॉक्स घ्यावा आणि त्यात पेन ड्राइव्ह लावावा. घरच्यासाठी तेवढे पुरते.

धडा थांबवता येतो

एवढे कशासाठी? पैसे वाचवणे हे कारण होतेच, पण खरा लाभ दुसराच निघाला.

टीव्हीवरून खेड्यांना शिकवण्याची कल्पना आपल्या देशात जुनी आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात 'साइट' प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागे. त्याच वर्षी 'पीएम ई-विद्या'त पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेला एक वाहिनी मिळाली आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात प्रादेशिक भाषांसाठी या वाहिन्या १२ वरून २०० करण्याची घोषणा झाली. धड्यांची वाण नाही. अडचण दोन गोष्टींची आहे, वेळेची आणि भाषेची.

दिवाळीनंतर अनेक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी घाट उतरतात आणि होळीला परततात. पाठोपाठ मुलेही जातात. ती परत येतात तेव्हा वर्ग अपूर्णांकांवर असतो आणि त्यांचा भागाकारच राहिलेला असतो. प्रसारित झालेला धडा कुणासाठी थांबत नाही. आता मात्र तो डिस्कवर, इयत्ता आणि विषयाच्या नावाने ठेवलेला असतो. होळीनंतर आलेली मुलगी संध्याकाळी बसते आणि जिथे सुटले तिथून धरते.

भाषेचे तर त्याहून महत्त्वाचे. आमची मुले घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. टीव्हीवरच्या बाई भराभर मराठी बोलतात आणि लहान मुले चित्राकडे नुसती पाहत राहतात. रेकॉर्ड केलेला धडा दोन मिनिटांनी थांबवता येतो. वसतिगृहातल्या ताई तेवढा भाग कोरकूत समजावतात, मुलांना विचारतात, मग पुढे चालवतात. अर्ध्या तासाच्या धड्याला दीड तास लागतो. पण त्यानंतर मुले मराठीत प्रश्न विचारतात, आणि आम्हाला हवे होते ते हेच.

काय मिळत नाही, तेही सांगतो

पैशाच्या वाहिन्यांवरचे क्रिकेट गेले, म्हणून मोठी मुले काही दिवस रुसली होती. काही आवडत्या मराठी मालिकाही गेल्या. खाजगी वाहिन्यांना फ्री डिशवर लिलावातून जागा मिळते, त्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. साठवलेले धडे आम्ही फक्त शिकवण्यासाठी वापरतो. त्यांच्या प्रती कुणाला देत नाही, विकत तर नाहीच.

आपण काय करू शकता

चालू स्थितीतला जुना लॅपटॉप, एक टीबीची डिस्क किंवा डीव्हीबी-एस२ ट्यूनर घरात पडून असेल, तर तो घाटावरच्या पुढच्या अभ्यासवर्गाला उपयोगी पडेल. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली तरी चालेल, इन्व्हर्टर आहे. आणि सुटीत सेमाडोहला आलात, तर संध्याकाळी मुलांबरोबर एक धडा पाहायला बसा. मध्ये थांबवून एखादी गोष्ट तुम्हीही समजावून सांगा. रिचार्जच्या वाचलेल्या पैशांतून आम्ही इन्व्हर्टरची बॅटरी आणि वह्या घेत आहोत. त्याचा हिशेब पुढच्या अंकातील तक्त्यात दिसेल.