मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा प्ले

मोटारसायकलचे मागचे चाक आसाभोवती मोकळे फिरले पाहिजे, पण डावी-उजवीकडे जराही हलता कामा नये. ते आडवे हलू लागले की चाकाला प्ले आला असे मेकॅनिक म्हणतो. गाडी चालवताना त्याची चाहूल वळणावर लागते. हँडल वळते, पण मागचा भाग क्षणभर उशिरा येतो. खड्डा गेल्यावर गाडी सरळ व्हायला वेळ घेते आणि वेग वाढला की शेपूट वळवळते. अशी तक्रार घेऊन गेलेल्या गाडीचे बेअरिंग बहुतेक वेळा न बघताच बदलले जाते. वास्तविक हा प्ले चार-पाच वेगवेगळ्या जागांवरून येऊ शकतो, म्हणून पैसे खर्च करण्याआधी नेमकी जागा शोधणे महत्त्वाचे असते.

आधी टायरमधली हवा बघावी, कारण हवा कमी असली तरी गाडी अशीच डुलते. मग आसाचा नट तपासावा. चेन ताणल्यानंतर हा नट पुरेसा घट्ट न करणे ही नेहमीची चूक आहे आणि तेवढे केले तरी कित्येकदा काम भागते.

नट घट्ट असूनही चाक हलत असेल, तर गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक अधांतरी करावे. एक हात टायरच्या वरच्या टोकाला, दुसरा खालच्या टोकाला धरून एकाने ओढावे, दुसऱ्याने ढकलावे. मग चाक पाव फेरी फिरवून पुन्हा तसेच करावे आणि शेवटी हात पुढच्या व मागच्या टोकाला नेऊन हलवावे. सगळीकडे सारखाच खटका बसत असेल, तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. चांगल्या बेअरिंगच्या आतली मोकळीक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. दोन बेअरिंगमधले अंतर कमी आणि रिम मोठी असल्यामुळे आतली थोडीशी झीजही रिमवर काही पटींनी मोठी होऊन हाताला कळते.

चाक हलवताना नजर मात्र चाकावर नको, चिमट्यावर हवी. चिमटा म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा स्विंगआर्म. चाकाबरोबर तोही हलत असेल तर दोष बहुधा बेअरिंगचा नसतो, चिमटा जिथे फ्रेमला जोडलेला असतो त्या पिव्हटचे बुश गेलेले असतात. खात्री करायची तर मागच्या दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढावेत, कारण शॉकअप जोडलेले असताना हा प्ले दडून राहतो. एकाने फ्रेम घट्ट धरावी, दुसऱ्याने चिमट्याचे टोक आडवे हलवावे. साध्या गाड्यांत हे बुश रबराचे असतात आणि वर्षानुवर्षे पीळ खाऊन रबर चिरते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून रोज खेडे ते डेअरी करणाऱ्या गाड्यांना हे दुखणे लवकर लागते. नवे बुश बसवल्यावर पिव्हटचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी असावी. चिमटा खाली लोंबत असताना आवळला तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

थ्रॉटल सोडताना-देताना धक्का बसत असेल, तर मात्र चाक आणि स्प्रॉकेट यांच्यामधल्या कपलिंग रबराकडे बघावे. चाक स्थिर धरून स्प्रॉकेट पुढे-मागे हलवले की थोडी हालचाल होणारच, ती असायलाच हवी. ती जास्त वाटली तर रबर बदलावे. स्प्रॉकेट आडवे डुलत असेल, तर ते ज्या भागावर बसते त्याचे वेगळे बेअरिंग बऱ्याच गाड्यांत असते, ते तपासावे. आऱ्यांच्या चाकात सैल आरे पान्याने हलके ठोकून सापडतात, कारण त्यांचा आवाज बद्द येतो.

बेअरिंगच दोषी ठरले की चाक काढावे. आतल्या कडीत बोट घालून ती फिरवली की निकाल लागतो. चांगली कडी गुळगुळीत फिरते. गेलेली कडी अडखळते, खरखरते आणि ग्रीसच्या जागी तांबूस चिखल निघतो. हे काम सहसा पाण्याचे असते. कोकणातला पाऊस, पाणी भरलेले रस्ते आणि सर्व्हिसिंगच्या वेळी थेट हबवर मारलेला प्रेशरचा फवारा यांनी ऑइल सील दमते. त्यामुळे सील बेअरिंगसोबतच बदलावे. नवे बेअरिंग घेताना जुन्यावरचा आकडा जुळवावा. ६३०१ म्हणजे आतला व्यास १२, बाहेरचा ३७ आणि जाडी १२ मिमी, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले बेअरिंग घेतलेले बरे.

खरे कौशल्य ते बसवण्यात आहे. नवे बेअरिंग काही महिन्यांत जाते, त्याला बहुतेक वेळा बसवण्याची पद्धत कारण असते. हातोडीचा ठोका आतल्या कडीवर पडला तर तो गोळ्यांतून जातो आणि धावेवर खड्डे पाडतो. म्हणून जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्यावा, त्या मापाचा सॉकेट किंवा जुने बेअरिंग मध्ये ठेवून. हब गरम केला आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवले, तर ते कमी जोरात जाते.

दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर, म्हणजे मधली नळी, हा या कामाचा कणा आहे. आस आवळला की सगळा दाब त्या नळीने एका आतल्या कडीतून दुसरीकडे नेला पाहिजे. ती विसरली किंवा झिजून आखूड झाली, तर नट आवळताच गोळ्या आडव्या दाबल्या जातात आणि चाक जड फिरते. एक बेअरिंग तळाला टेकवावे, स्पेसर घालावा आणि दुसरे त्याला टेकेपर्यंतच ठोकावे, त्यापुढे नाही.

बेअरिंग नुसत्या हाताच्या दाबाने हबमध्ये जात असेल, तर हबची जागाच झिजली आहे. तिथे पंचने खुणा मारून ते घट्ट बसवण्याचा उपाय अनेक ठिकाणी होतो, पण तो फार टिकत नाही. लेथवर स्लीव्ह बसवणे किंवा हब बदलणे हाच पक्का मार्ग आहे.

जोडणी झाल्यावर दोन्ही बाजूंच्या चेन अॅडजस्टरच्या खुणा सारख्या कराव्यात, आसाचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळावा आणि ब्रेक रॉड पुन्हा जुळवून पेडलला ठरलेली मोकळीक ठेवावी. चाक हाताने फिरवून आणि आडवे हलवून पुन्हा एकदा बघावे. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर नट आणि चेनचा ताण परत तपासावा.