रात्रीच्या पाळीचं पीक

नंदुरबार म्हणजे मिरची, पपई, केळी. त्या शिवारात सिमेंटचे बुटके खांब रांगेने उभे आणि प्रत्येकाच्या माथ्यावरच्या रिंगेतून हिरव्या, तिधारी फांद्या खाली लोंबलेल्या. ते बघून मी थांबले. "ड्रॅगन फ्रूट आहे. पण ताई, अंधार पडल्यावर या," शेताच्या मालकीणबाई म्हणाल्या. "दिवसा बघण्यासारखं काही नसतं इथे."

पुष्कळजण या झाडाला बांधावरचा थोर समजतात. थोराची फांदी मोडली की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर इजा होते. थोर कॅक्टसच्या कुळातला नाहीच. ड्रॅगन फ्रूटची फांदी मोडली तर पाणीदार, बुळबुळीत रस निघतो. तिच्या कडांवर ठरावीक अंतराने बारीक करडे उंचवटे असतात, त्यांतून आखूड काटे. आपला फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस. सौराष्ट्र-कच्छकडे त्याच्या लालभडक बोंडांचा रस फिंडला म्हणून आवडीने पितात. त्याआधी बोंडावरची केसाएवढी कुसं काळजीपूर्वक काढावी लागतात. आपण फड्याकडे तण म्हणूनच पाहिलं. दक्षिण भारतात १९२६ साली तो आटोक्यात आणायला त्याच्यावर कोशिनीलचे किडे मुद्दाम सोडण्यात आले. इतकं चांगलं फळ आपण कधी हिशेबातच धरलं नाही, याची मला खंत वाटते.

ड्रॅगन फ्रूटची लागवड सोपी आहे: खांबाला चार कटिंग, ठिबक, वर चढेपर्यंत बांधणी. खरं काम पावसाळ्यात सुरू होतं, तेही रात्री.

दिवेलागणीनंतर वीतभराहून लांब कळ्या उकलू लागल्या. पांढऱ्या पाकळ्यांत पिवळे पुंकेसर दाटीने भरलेले, मधोमध बोटांसारखा फाटलेला स्त्रीकेसर, आणि मंद गोडसर वास. बाईंच्या कपाळाला बॅटरी, एका हातात स्टीलची वाटी, दुसऱ्यात रंगाचा ब्रश. पांढऱ्या गराची जात बहुधा आपल्याच परागावर फळ धरते. लाल गराच्या बऱ्याच जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो. मूळ मुलखात, मध्य अमेरिकेत, हे काम वटवाघळं आणि मोठे पतंग करतात. इथे बाई करतात. पांढऱ्याचा पराग वाटीत झटकायचा, लालच्या स्त्रीकेसरावर फिरवायचा, पुढचा खांब. सकाळी ऊन चढलं की फूल मिटतं आणि संधी गेली.

"आजपासून तीस दिवस," त्या म्हणाल्या. तीस दिवसांत फळ तोडणीला येतं. प्रत्येक रांगेशी त्यांनी तेच सांगितलं, तीस दिवस, आणि दरवेळी ब्रश आणखी हलक्या हाताने टेकवला.

निवडुंगाला पाणी नको, राखण नको, असं सांगून रोपं विकणाऱ्यांचा मला राग येतो. फड्या तसा जगतो. ड्रॅगन फ्रूट मात्र जंगलात झाडाच्या आधाराने, विरळ सावलीत वाढणारी वेल आहे. मुळं वरच्या वर पसरतात, म्हणून पाणी थोडं पण नेमाने लागतं; ते साचलं तर खोड कुजतं. मे महिन्यात नंदुरबारचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उन्हाकडच्या फांद्या आधी पिवळ्या पडतात, मग पांढुरक्या होऊन भाजतात. बाईंनी भाजलेली फांदी दाखवली. बोट लावलं तर भाग मऊ, आत तपकिरी.

शेडनेटचा खर्च एकदम पेलत नाही. म्हणून त्यांनी उन्हाळ्यात निम्म्या रांगांवर नेट ताणली आणि बाकीच्या रांगांच्या पश्चिमेला शेवगा लावला. कोणत्या रांगा कमी भाजतात हे वहीत लिहून ठेवलंय. पुढची लागवड त्यावर ठरेल. त्याच वहीत आजची तारीख टाकून त्यांनी पुढे लिहिलं, लाल, सहावी रांग, तीस दिवस.