रुळांलगतची तार आणि धावता प्रवासी



मराठीच्या प्राध्यापकाने बिनतारी विद्येवर बोलावे, हा आगाऊपणाच आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी विज्ञान आणि काव्य यांत भिंत उभी करीत नसत. शिवाय विषय घरातूनच आला. माझी नात सुभानपुऱ्यातून अहमदाबादला रोज अप-डाउन करते. गाडीतून नोकरीची मुलाखत देत असता महीच्या पुलाजवळ तिचा आवाज तुटला आणि ती संधी हुकली. "आजोबा, फलाटावर वाय-फाय आहे, मग गाडीत का नाही?" हा तिचा प्रश्न.

उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानी आले की 'बिनतारी' हा शब्दच आपल्याला चकवतो. फलाटावर लहरी हवेतून येतात त्या शेवटच्या काही पावलांपुरत्या. त्यामागचा सारा पल्ला तारेचाच. २००० साली स्थापन झालेल्या रेलटेल या सरकारी कंपनीने लोहमार्गांच्या कडेने काचतंतूंचे जाळे विणले. त्याच्याच बळावर जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गूगलच्या साहाय्याने मोफत सेवा सुरू झाली. २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेतले, तरी रेलटेलने ती चालू ठेवली आणि सहा हजारांहून अधिक स्थानकांपर्यंत नेली. एर्नाकुलम स्थानकावरचा एक हमाल ओझी वाहताना कानाला यंत्र लावून ध्वनिमुद्रित पाठ ऐकत असे. २०१८ मध्ये तो केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला. ते पाठ त्याला फलाटावरच्या या सेवेतून मिळाले होते.

गाडी सुटली की मात्र हे संधान संपते. तार रुळांलगत धावत असते, पण धावत्या डब्याला तिला स्पर्श करता येत नाही. मग उरतात वाटेवरचे मनोरे. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी मिनिटाला जवळजवळ दोन किलोमीटर कापते. एका मनोऱ्याने दुसऱ्याच्या हाती सोपवावे, तोच तिसऱ्याची हद्द येते. आणि सोपवायचे एकाला नव्हे, डब्याडब्यांतील शेकडो प्रवाशांना, एकाच क्षणी! त्यात डबा धातूचा. वातानुकूलित डब्याच्या काचेवर धातूचा लेप असला तर तीही लहरींना अडवते.

यावर उपाय असा की छतावर आकाशक बसवावा, त्याने बाहेरच्या लहरी टिपाव्यात आणि आत वाटून द्याव्यात. जपानने तोकाइदो शिंकान्सेनवर २००९ मध्ये वेगळीच युक्ती योजली : रुळांलगतच्या तारेलाच मुद्दाम बारीक छिद्रे ठेवून त्यांतून लहरी झिरपू दिल्या. आपल्याकडे हावडा राजधानीत उपग्रहाद्वारे प्रयोग झाला. पण खर्च परवडेना, म्हणून ही योजना सोडून दिल्याचे २०२१ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले. त्याच वर्षी रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झची पट्टी मिळाली, ती मुख्यतः गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी. हा अग्रक्रम मला मान्य आहे. माझ्या नातीला तो सांगायला गेलो, तेव्हा मात्र माझा स्वर जरा खाली आला.

काही गाड्यांत दुसरी सोय दिसते : डब्यातच एक साठा ठेवलेला असतो आणि प्रवासी त्यातून चित्रपट, गाणी पाहतात, बाहेरच्या जगाशी संधान नसतानाही. हे आपल्या बडोद्याला नवे नव्हे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली, तेव्हा पेट्यांत भरलेली पुस्तके गावोगावी फिरत. डब्यातील साठा ही तशीच पेटी. तिच्यात पाठ्यपुस्तके, स्पर्धापरीक्षांचे पाठ का भरू नयेत? नडियादपासून अहमदाबादपर्यंत उभ्याने जाणाऱ्या मुलांना ते चित्रपटांहून अधिक उपयोगी पडतील, असे मला वाटते.

मुलाखत मात्र पेटीतून देता येत नाही. नात आता तसा प्रसंग असला की आणंदला उतरते, फलाटावरच्या बाकावर बसून बोलणे पुरे करते आणि मागून येणारी मेमू पकडते.