ट्रॅक्टरचा इशारा-दिवा : दोष शोधा, मगच नोंद पुसा

अहिल्यानगर जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू झाला की राहुरी, कोपरगाव, श्रीरामपूर या भागांत ट्रॅक्टरला विसावा नसतो. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ‘ट्रेम-४’ हे धुराचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे अशा बहुतेक ट्रॅक्टरांत डिझेलची मात्रा संगणक ठरवितो. उष्णता, हवा व दाब यांची वर्दी त्याला सेन्सर देतात.

दुरुस्तीच्या वेळी, चावी चालू असता, सेन्सरचा प्लग निघाल्यास संगणक दोषाचा सांकेतिक क्रमांक नोंदवितो आणि दिवा लागतो. प्लग पुन्हा बसविल्यावर तो लगेच विझेलच असे नाही. पुष्कळ यंत्रांत इंजिन काही वेळा निर्दोष चालल्यानंतर तो आपोआप विझतो.

अशा वेळी प्रथम चावी बंद करावी. प्लगमधील पाणी, माती व गंज साफ करून तो खटका लागेपर्यंत बसवावा. स्कॅनरने क्रमांक वाचून वहीत टिपावा व मगच पुसावा. इंजिन तापेपर्यंत चालवून पुन्हा तपासणी करावी. तोच क्रमांक परतल्यास दोष तारेत, सेन्सरमध्ये वा प्रत्यक्ष इंजिनात आहे असे समजावे.

बॅटरीची तार काढल्याने आजच्या यंत्रांतील नोंद पुसली जातेच असे नाही. सेन्सर मुद्दाम काढून ठेवणे तर अधिकच घातक होय. संगणक इंजिनाची शक्ती घटवितो आणि उसाने भरलेली ट्रॉली चढावर अडते.

तेलाच्या दाबाचा दिवा लागल्यास मात्र इंजिन तत्काळ थांबवावे. क्रमांक पुसल्याने नोंद जाते, दोष जात नाही, हे शेतकरी बंधूंनी ध्यानी ठेवावे.